स्वभावाला औषध

आमच्या औसा तालुक्यात एखाद्या माणसाविषयी बोलून बोलून लोक थकले की शेवटी कुणीतरी म्हणतं, "जाऊ द्या, स्वभावाला औषध नसतंय." तिथं विषय संपतो. माणूस तापट असला तर त्याचा बापही तसाच होता म्हणायचं, चिकट असला तर आजा तसा होता म्हणायचं, आणि तंबाखूची चिमूट तोंडात टाकून उठायचं. ही म्हण मी कळायला लागल्यापासून ऐकत आलो. कुणी माझ्याबद्दल म्हटली तरी वाईट वाटत नव्हतं. उलट बरं वाटायचं, कारण स्वभावच आहे म्हटल्यावर आपल्याला काही करायचं शिल्लक राहत नाही. गेल्या दहा वर्षांत मात्र मला या म्हणीबद्दल शंका यायला लागली. ती कशी आली ते सांगतो.

आम्ही शेतकरी तशी तपासून घेणारी माणसं. बैल घ्यायचा तर दात मोजतो, दोन दाती की चार दाती बघतो, चालवून बघतो, खांद्यावर हात फिरवून गाठ आहे का पाहतो. घरचं सोयाबीनचं बी पेरायचं असलं तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. सहा-सात दिवसांनी उघडून मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर आले तर एकरी तीस किलो पेरायचं, कमी आले तर त्या मानानं बी वाढवायचं. बोअर घ्यायचं तर तळहातावर नारळ धरून रानभर फिरणारा माणूस आणतो. त्यावर विश्वास असो नसो, तपासल्याशिवाय पैसा घालत नाही एवढं खरं. पण ज्या मनानं बैल घ्यायचा ठरवतो, बी किती पेरायचं ठरवतो, कर्ज किती काढायचं ठरवतो, त्या मनाचे शंभर दाणे कुणी कधी गोणपाटात ठेवून बघितले नाहीत. मीही नाही.

२०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली. उन्हाळ्यात आमच्या गावात कृषी खात्याचा एक सहायक आला. पोरगेलाच होता, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. त्यानं देवळापुढं आम्हाला बसवलं आणि मातीचा नमुना कसा घ्यायचा ते सांगितलं. रानात सरळ रेषेत चालायचं नाही, नागमोडी चालायचं. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरडून घ्यायची. सगळ्या खड्ड्यांतली माती स्वच्छ कापडावर एक करायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेली परत मिसळायची, परत चार भाग करायचे. असं करत अर्धा किलो उरली की ती पिशवीत भरायची. पिशवीत चिठ्ठी टाकायची, तिच्यावर नाव, गट नंबर, तारीख, मागचं पीक.

मग त्यानं सांगितलं, माती कुठली घ्यायची नाही. बांधाजवळची घ्यायची नाही. झाडाखालची घ्यायची नाही. शेणखताच्या ढिगाजवळची नाही, जनावरं बांधतात तिथली नाही, आणि खत टाकून झाल्यावर लगेच तर अजिबात नाही. "कारण तिथली माती खोटं बोलत नाही, पण सगळ्या रानाचं खरंही सांगत नाही," असं तो म्हणाला. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

पुढं पत्रिका आली. आमच्या काळ्या रानात पालाश भरपूर, नत्र कमी, स्फुरद कमी, सेंद्रिय कर्ब कमी. माझ्या वडिलांच्या काळापासून आम्ही त्या रानाला "चांगलं रान" म्हणत होतो आणि ओढ्याकडच्या तुकड्याला "वाईट रान". पत्रिकेत चांगलं-वाईट असा शब्दच नव्हता. काय किती आहे आणि काय कमी आहे, एवढंच होतं. आणि जे कमी आहे त्याच्यापुढं काय टाकायचं तेही लिहिलेलं होतं.

तो कागद हातात घेऊन बांधावर बसलो असताना मला वाटलं, आपण माणसाचं मात्र असं करत नाही. दुसऱ्याचंही नाही आणि स्वतःचंही नाही. बांधावरून भांडण झालं, त्या तासाची माती घेतली आणि ठरवलं, मी तापट. येळवशीला रानात अंबील पिऊन, भज्जी खाऊन झाडाखाली आडवं झालो, त्या वेळची माती घेतली आणि ठरवलं, मी सुखी. कीर्तन ऐकून घरी निघालो, त्या वाटेवरची घेतली, तर मी विरक्त. पारावर चार माणसांनी मान डोलावली, तिथली घेतली, तर मी शहाणा. हे सगळं बांधाजवळचं आणि झाडाखालचं. मधलं रान, जिथं वर्षाचे तीनशे दिवस मन राहतं, तिथला नमुना कुणी घेतलेलाच नाही.

बाजारच्या दिवशी शंभर पानी वही आणली. मी दहावीपर्यंत शिकलो. नव्या पद्धतीची दहावी सुरू झाली त्या पहिल्या तुकडीतला मी, १९७५ सालचा. त्यानंतर हिशोब आणि सोसायटीचे अर्ज सोडले तर लिहिणं सुटलेलं. त्यामुळं नियम सोपे ठेवले. दिवसातून तीन-चार वेळा, पण रोज वेगळ्या वेळी लिहायचं. वेळ लिहायची. कुठं होतो ते लिहायचं. मनात काय होतं, आणि अंगाला काय वाटत होतं, ते लिहायचं. चांगलं किंवा वाईट हा शब्द वापरायचा नाही. दोन ओळींच्या वर जायचं नाही.

पहिल्या आठवड्यात घरातली सगळी हसली. थोरला म्हणाला, "आबा, काय लिहायलाव? आत्मचरित्र?" मी म्हणालो, "माती परीक्षण." तो म्हणाला, "ते झालं की मागंच." मी काही बोललो नाही.

वर्ष मात्र परीक्षेचंच निघालं. २०१४ ला पाऊस कमी झाला होता, २०१५ ला त्याहून हाल. खरीप हातात आलं नाही. सोयाबीन वीतभर वाढून उभ्या जागी वाळलं. मांजरा धरण कोरडं पडलं. पुढं एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे साऱ्या देशानं वाचलं. शहराला रेल्वे आली, आमच्या गावाला टँकर येत होता. आमचं बोअर आधीच गेलं होतं. दुसरं पाडलं तर नुसती धूळ उडाली. सोसायटीचं कर्ज, वर आडतीवरची उचल, धाकटीचं लग्न ठरत आलेलं. आसपासच्या गावांतून वाईट बातम्या यायच्या. माणूस काल बाजारात दिसला होता आणि आज नाही, अशा. आमच्या भागातल्या वाचणाऱ्याला ते फोडून सांगायची गरज नाही.

अशा दिवसांत ती वही भरत गेली. तीन महिन्यांनी एका दुपारी, जनावरं सावलीला बांधून, मी ती पहिल्यापासून वाचून काढली. मला वाटत होतं, पानापानावर काळजीच असेल, कारण मी चोवीस तास काळजीत आहे असं माझं मला वाटत होतं. घरचेही तेच म्हणत होते. पण वहीत तसं नव्हतं. सकाळी सहाला लिहिलेलं होतं, "गाईला चारा टाकला, वासरू ढुशा देतंय, गंमत वाटली." दुपारी लिहिलेलं, "ऊन लई, पण कडुलिंबाखाली बरं." संध्याकाळी, "हिशोब केला, जमत नाही, शेजाऱ्याशी बोललो, त्याचंही जमत नाही, दोघं हसलो." जिथं हातपाय गळाल्यासारखं लिहिलेलं होतं, छातीवर दगड ठेवल्यासारखं, ज्या ओळी मी इथं लिहीत नाही तशा ओळी होत्या, त्यांच्यापुढची वेळ बघत गेलो. पावणेचार. साडेतीन. पावणेचार. चार. सगळ्या एकाच खड्ड्यातल्या.

बराच वेळ मी त्या वेळांकडं बघत बसलो. मग लक्षात आलं की पहाटे पावणेचारला मला जाग येते ती काही कर्जामुळं येत नाही. कर्ज नव्हतं तेव्हाही येत होती. चांगल्या सालीही येत होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हापासून येत होती.

ज्यांना ती पहाट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गावोगाव गणपती बुडवून माणसं उशिरा झोपली होती. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. तीच माणसांवर बसली. दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. आमचं गाव तिथून लांब, आमच्यात कुणी गेलं नाही, भिंतींना भेगा पडल्या. पण जमिनीच्या पोटातून आलेला तो आवाज आणि त्याच्या मागं जनावरांचं एकदम हंबरणं मी ऐकलेलं आहे. पुढं कित्येक महिने माणसं अंगणात झोपत. पक्की घरं झाल्यावर आत गेली. मी गेलो नाही. मी आजपर्यंत पत्र्याखाली, उघड्यावर झोपतो. गावात सगळे म्हणतात, "आबाचा स्वभावच तसा, घरात झोप येत न्हाई." मीही तेच म्हणत आलो होतो.

वही वाचता वाचता कळलं की हा स्वभाव नाही, ही सवय आहे, आणि तिला तारीख आहे. जाग भूकंपाची होती. बावीस वर्षं अंग त्या वेळेला उठून भिंत हलते का बघत होतं. भिंत हलत नव्हती, तरी जागा झालेला माणूस काहीतरी शोधणारच. त्या सालात त्याला कर्ज सापडत होतं. दार भूकंपानं उघडं ठेवलेलं आणि कर्ज त्यातून नुसतं आत येत होतं.

हे कळल्यानं कर्ज फिटलं नाही. पण कर्ज आणि पहाट या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या, आणि हे फार मोठं काम झालं. दिवसाचं कर्ज आकड्यात होतं. इतके हजार, इतकं व्याज, अमुक तारखेपर्यंत. पहाटेचं कर्ज आकड्यात नव्हतं. ते अंधारात आभाळाएवढं दिसायचं. मी तीन नियम केले. एक, पहाटे चारच्या आधी मनानं जे ठरवलं ते काहीही असो, अमलात आणायचं नाही, सकाळी आठला वहीतून वाचायचं आणि मग बघायचं. दोन, जाग आली की पडून राहायचं नाही. उठून जनावरांजवळ जायचं, त्यांच्या अंगावर हात फिरवायचा. तीन, त्या वेळेला एकटं राहायचं नाही. घरच्या बाईला उठवायचं.

हा तिसरा नियम मला सगळ्यांत जड गेला. आमच्याकडं पुरुषमाणूस बायकोला पहाटे उठवून "मला कसंतरी होतंय" असं म्हणत नाही. मी म्हणालो. ती उठून बसली. काय झालं, कशामुळं, असं काही विचारलं नाही. चूल पेटवून चहा ठेवला आणि म्हणाली, "मला बी ह्याच वक्ताला जाग येती. मला वाटलं, तुम्ही झोपलाव." बावीस वर्षं आम्ही दोघं एकाच वेळेला जागे होत होतो आणि एकमेकांची झोप मोडू नये म्हणून गप पडत होतो. त्यानंतर आमचा पहाटेचा चहा सुरू झाला. तो दुष्काळ आम्ही त्या चहावर काढला असं म्हटलं तरी चालेल. धाकटीचं लग्न पुढच्या साली झालं, साधंच झालं, आणि कर्ज फिटायला चार वर्षं लागली.

एका सवयीची तारीख सापडल्यावर मला नादच लागला. दुसरी सापडली ती ज्वारीची. आमच्या घरात दोन सालांची ज्वारी असते. नवी आली तरी जुनी विकायची नाही. दर साली खालची जुनी ज्वारी किडते, ती जनावरांना जाते, आणि वर नवी भरली जाते. नवी सून आली. शिकलेली, तोंडानं मऊ. तिनं एकदा विचारलं, "आबा, मागल्या सालची किडायली. मग नवी एवढी कशाला भरायची?" माझ्या तोंडात उत्तर तयारच होतं. घरात दाणा असावा. पण त्या दिवशी मी ते बोललो नाही. वहीत लिहिलं, "ज्वारीचं विचारलं. पोटात कालवल्यासारखं झालं." वाचताना वाटलं, ज्वारीच्या साध्या प्रश्नानं पोटात का कालवावं?

१९७२ ला मी चौदा वर्षांचा होतो. वडील आणि माय खडी फोडायच्या कामावर जात. मी शाळा सोडून तिथंच. घरात लाल मिलोची भाकर. ती रबरासारखी, गार झाली की दातानं तुटत नसे. कामावर सुकडी मिळायची, ती माय पदरात बांधून धाकट्यांना आणायची. आमची रिकामी कणगी मी आत वाकून बघितली होती. तळाला शेणानं सारवलेलं दिसत होतं. ते सारवण मला अजून दिसतं. सूनबाईच्या प्रश्नाला जे उत्तर माझ्या तोंडात आलं होतं ते अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचं नव्हतं, त्या चौदा वर्षांच्या पोराचं होतं. तो पोरगा अजून कणगीत वाकून उभा होता.

त्याला हाकलून द्यायचं कारण नव्हतं. त्यानं त्याच्या काळात जे बघितलं ते खरंच होतं. मी सुनेला सगळं सांगितलं, आणि दोघांनी मिळून ठरवलं की एका सालची ज्वारी ठेवायची, बाकीची आल्या भावानं विकायची. म्हणजे त्या पोरासाठी एक कणगी ठेवली. घरातली किडलेली ज्वारी थांबली. सुनेला माझा राग आला नाही, मला तिचा आला नाही. नाहीतर अशा लहान गोष्टींवरूनच घरं वेगळी होतात.

यात मी काही नवं केलं असं नाही. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत. आम्ही शाळेत ते रांगेत उभं राहून म्हणत होतो. तेव्हा अर्थ कळला नाही, पण त्यांची एक गोष्ट आता कळते. त्यांतले बरेच मनाला हाक मारून बोललेले आहेत. हाक मारायची म्हणजे हाक मारणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा. म्हणजे मन म्हणजेच मी, असं नाही. त्याला जवळ बसवून बोलता येतं. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी शेतात राबता राबता त्यांनी मनाची जी पारख केली ती शिकलेल्यांना जमली नाही. आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आले. दहा दिवस बोलायचं नाही, नुसता श्वास आणि अंग बघायचं. ते म्हणाले, "तुम्ही या एकदा." मला पटलं, पण दहा दिवस जनावरं कोण बघणार? ज्याला जमतं त्यानं जावं. ज्याला जमत नाही त्याला शंभर पानी वही पुरते.

आता जरा अवघड गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी थोरला म्हणाला, बैल विकू. आमची देवणी जोडी. त्याचा हिशोब बरोबर होता. पेरणी ट्रॅक्टरनं होते, कोळपणीपुरते बैल लागतात, आणि चारा-पेंड-गडी बारा महिने. मला ऐकल्याबरोबर नको वाटलं. पण बियाण्याचा नियम मी विचाराला लावायला शिकलो होतो. विचार आला की लगेच पेरायचा नाही, ओल्या गोणपाटात ठेवायचा. मी पोराला म्हणालो, "आठ दिवस दे."

वहीत "नको" असं लिहिलं आणि त्याच्याखाली कारणं. बैलाशिवाय शेतकरी शोभत नाही. दावणीला बैल नसले तर लोक काय म्हणतील. पोळ्याला दुसऱ्याच्या बैलांना नमस्कार करावा लागंल. ट्रॅक्टर वेळेवर येत नाही. शेणखत कमी होईल. मला त्यांची सवय आहे. सहा कारणं झाली. आठ दिवस रोज वेगळ्या वेळी ती वाचली. पहिली तीन माझी नव्हती. ती माझ्या वडिलांची होती, शब्दसुद्धा त्यांचेच. त्यांच्या तोंडी ती खरी होती, कारण त्यांच्या काळात बैलाशिवाय शेत पडीक राहायचं. चौथं आणि पाचवं खरं होतं, पण त्याला उपाय होता. सहावं एकटं माझं होतं. मला त्यांची सवय आहे, म्हणजे माझा त्यांच्यावर जीव आहे.

मी पोराला तसंच सांगितलं. सहा कारणं होती, पाच गेली, एक राहिलंय. तो माझ्याकडं बघत राहिला. हिशोबाला हिशोबानं उत्तर येईल, किंवा आवाज चढेल, अशी त्याची तयारी होती. बापाचा नुसता जीव आहे म्हटल्यावर त्याला काय बोलावं कळेना. मग तोच म्हणाला, "हाळीच्या बाजारात न्यायची नाही. ओळखीच्या घरी देऊ, भाव कमी आला तरी चालंल." माझ्या मामाच्या गावी एका कोरडवाहू शेतकऱ्याला जोडी दिली. दोन गाई ठेवल्या, शेणखताचा प्रश्न तिथं सुटला. पोळ्याला आम्ही पुरणपोळी घेऊन त्या गावाला जातो. बैल मला ओळखतात. जाताना रडू येतं का, तर येतं. ते वहीत लिहितो. त्याच्यापुढं काही टाकायचं लिहीत नाही. जीव असणं हे कमी पडलेलं खत नाही.

या कामात दोन धोके मला दिसले, तेही सांगायला पाहिजेत. पहिला म्हणजे सारखं बघत बसणं. पेरलेलं बी रोज उकरून मोड आला का बघितलं तर ते बी उगवत नाही. मनाचंही तसंच. काही दिवस मी दर तासाला स्वतःला विचारत होतो, आता मनात काय आहे? तर मनात तेवढाच एक प्रश्न राहिला. म्हणून दोन ओळी, आणि वही बंद. हंगामाला एकदा सगळी वाचायची, बास.

दुसरा धोका मोठा आहे. हल्ली गावात मोबाईलवर रोज कुणी ना कुणी सांगत असतं की विचार बदला, आयुष्य बदलेल. माझा अनुभव तेवढा गोड नाही. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता, आणि आमच्या माणसांना बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं. तो भाव काही माझ्या मनामुळं पडला नव्हता. मन कितीही तपासलं तरी पाऊस पडत नाही, बोअरला पाणी लागत नाही. शेतकऱ्याचं दुःख त्याच्या मनातच आहे असं कुणी सांगत असेल तर त्याला आधी बाजार समितीत उभं करावं. तपासण्याचा उपयोग एवढाच की भावाचं दुःख भावाएवढं राहतं. त्याच्यात १९७२ मिसळत नाही, १९९३ मिसळत नाही, वडिलांचा शब्द मिसळत नाही. तेवढं दुःख उचलायला माणूस पुरतो. सगळ्या सालांचं एकदम उचलायला कुणीच पुरत नाही.

आमच्या घरची बाई तिसरी शिकलेली. वही लिहीत नाही. मी एकदा विचारलं, "तू कधी स्वतःचं मन बघतीस का?" ती तुरीची डाळ निवडत होती. म्हणाली, "रोज बघती की. हे निवडताना दुसरं काय करायलाव मी?" मग हाताशी आलेला खडा बाजूला टाकत म्हणाली, "खडा दिसला की काढायचा. कुणी टाकला म्हणून डाळ सोडून हिंडायचं न्हाई." मी ते त्या दिवशीच्या पानावर लिहून ठेवलं. दोन ओळींचा नियम त्या दिवशी मोडला.

ज्याला हे करून बघायचं त्यानं मोठं काही ठरवू नये. राग सोडायचा, तंबाखू सोडायची, असले संकल्प नकोत. आधी नुसतं वीतभर खणावं आणि माती वरपासून खालपर्यंत सारखी घ्यावी. भांडणाच्या दिवसाची घेऊ नये, सणाच्या दिवसाची घेऊ नये. आपली एखादी गोष्ट "माझा स्वभावच आहे" म्हणून तोंडात आली की तिथं थांबावं आणि चिठ्ठीवर लिहितात तसं विचारावं, तारीख कुठली, मागचं पीक कुठलं. बऱ्याच वेळा साल सापडतं. काही वेळा नाही सापडत. नाही सापडलं तर तो स्वभाव असेल, आणि तो घेऊन जगता येतं.

आता माझी नववी वही चालू आहे. पहाटेची जाग गेलेली नाही, पण रोज येत नाही. आली तर बऱ्याचदा चहाच होतो. काल रात्री पाऊस होता. पानावर एवढंच आहे: "३.५०. जाग आली. पत्र्यावर थेंब वाजत होते. शेजारी ती झोपलेली. परत झोपलो."